पेन यांची पहार: सागरी शास्त्रज्ञाची कारकीर्द कशी वाचावी

आमच्याकडे एम.एस्सी.च्या मुलांना एक सेमिनार द्यावा लागतो, 'एका शास्त्रज्ञाचं जीवन व कार्य'. त्यातल्या स्लाइड्स मला आता पाठ झाल्या आहेत. जन्म, शिक्षण, भूषवलेली पदं, पुरस्कारांची यादी, एच-इंडेक्स (लेख किती आणि इतरांनी त्यांचा दाखला किती वेळा दिला यावरून काढलेला आकडा) आणि शेवटी गुलाबाच्या फुलावर 'थँक यू'. वेळ संपते, टाळ्या पडतात. त्या माणसाने नेमकं केलं काय, हे विचारलं की वर्ग छताकडे बघतो. म्हणून माझ्या सेमिनारात पुरस्कारांच्या स्लाइडला बंदी आहे. मग उरतं काय, असं मुलं विचारतात. ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे. विषय सागरी जीवशास्त्राचा असला तरी पद्धत इतरांनाही वापरता येईल.

उदाहरण म्हणून रॉबर्ट टी. पेन (१९३३–२०१६) यांना घेते. सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये ते १९६२ साली रुजू झाले आणि निवृत्तीनंतरही किनाऱ्यावर जात राहिले. कोकणातल्या मुलांसाठी मी मुद्दाम त्यांनाच निवडते. त्यांचं काम समजायला बोट, पाणबुडी किंवा महागडं यंत्र लागत नाही. ओहोटीला उघडी पडणारी खडपं, त्यावर चिकटलेली जनावरं आणि हातात पहार, एवढ्यावर त्यांनी इकॉलॉजीची दिशा वळवली. मिऱ्याच्या बाजूला खडपावर कालवं फोडणाऱ्या बायका ज्याने बघितल्या आहेत, त्याला पेन यांची प्रयोगशाळा कशी होती ते अर्ध्याच्या वर ठाऊक आहे.

सुरुवात एका लेखापासून

माणूस समजून घ्यायचा म्हणून चरित्र उघडू नका. आधी त्याचा एक लेख उघडा, शक्यतो छोटा आणि शक्यतो छापून. पेन यांचा १९६६ चा लेख घ्या: 'फूड वेब कॉम्प्लेक्सिटी अँड स्पीशीज डायव्हर्सिटी', 'द अमेरिकन नॅचरलिस्ट' या नियतकालिकाचा १०० वा खंड, पानं ६५ ते ७५. अकरा पानं. कॉलेजातून मिळत नसेल तर ग्रंथपालांना विचारा. आपली संस्था सरकारी असेल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये काय काय उघडतं तेही बघून घ्या. नाहीच मिळालं तर विद्यापीठातल्या कुणाला विनंती करा. सारांशावर भागवणाऱ्याला मी परत पाठवते.

वाचताना पहिल्या पानावरून शेवटच्या पानाकडे जायची गरज नाही. आधी आकृती बघा. तिच्यात वॉशिंग्टन राज्यातल्या मक्कॉ बे नावाच्या उपसागरातलं अन्नजाळं काढलं आहे. सगळ्यात वर पिसास्टर ओक्रेशियस हा तारामासा, जांभळ्या किंवा नारिंगी रंगाचा, तळहातापेक्षा मोठा. त्याच्या खाली थाइस नावाची शिकारी गोगलगाय. मग कायटन, लिंपेट आणि बार्नकल हे खडकाला चिकटून राहणारे कवचाचे छोटे प्राणी, आणि मालवणात-गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात त्यांच्या गोत्रातले कॅलिफोर्नियन मसल. मी त्यांनाही शिनाणेच म्हणणार आहे. प्रत्येक दुव्याजवळ दोन आकडे आहेत. एक, तारामाशाने त्या भक्ष्याचे नग किती खाल्ले. दुसरा, त्यातून कॅलरी किती मिळाल्या. नगांच्या हिशोबात बार्नकल पुढे, पण कॅलरीत त्यांचा वाटा बराच कमी. इथे मुलांना थांबवावं लागतं. हे दोन आकडे काढायला माणसाने काय केलं असेल? प्रत्येक तारामासा उलटा करून त्याच्या पोटाखाली काय आहे ते बघितलं असेल, मोजलं असेल, वहीत लिहिलं असेल. ओहोटी असेपर्यंतच.

आता प्रयोग. जून १९६३ पासून पेन यांनी किनाऱ्याचा एक पट्टा, सुमारे ८ मीटर लांब आणि उभ्या उंचीत २ मीटर, तारामाशांपासून मोकळा ठेवला. खडकाला घट्ट बसलेला तारामासा पहारेने उचकटायचा आणि समुद्रात भिरकावून द्यायचा. शेजारचा पट्टा तसाच राहू दिला. सप्टेंबरपर्यंत मोकळ्या पट्ट्यातली ६० ते ८० टक्के जागा बालॅनस ग्लँड्युला या बार्नकलने व्यापली. पुढच्या जूनमध्ये त्याच बार्नकलना वेगाने वाढणारे छोटे शिनाणे आणि गूज बार्नकल रेटून बाहेर काढत होते. १५ प्रजातींच्या व्यवस्थेतून ८ उरल्या. शिकारी काढला तर भक्ष्यांची चंगळ होऊन विविधता वाढेल असं वाटतं. झालं उलटं.

असं का होतं हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगायला हवं, लेखातलं वाक्य पाठ करून चालत नाही. माझ्या वर्गात एकीने फार छान सांगितलं होतं: खडकावरची जागा म्हणजे एस.टी.तली सीट. बार्नकल आधी येऊन रुमाल टाकतो, पण शिनाणे आले की ते रुमालावरच बसतात, आणि त्यांना उठवणारा एकच कंडक्टर आहे, तारामासा. या खडकावर भांडण अन्नासाठी नाही, जागेसाठी आहे. शिनाण्यांना मोकळं सोडलं तर ते सगळी जागा बळकावतात. तारामासा त्यांना खात राहतो म्हणून बाकीच्यांना टेकायला फट मिळते.

मग पेन यांचा दावा किती मोठा आहे ते मोजा. ते म्हणतात की एखाद्या ठिकाणची विविधता, मुख्य गरजेची वस्तू एकाच प्रजातीने गिळंकृत करू नये म्हणून शिकारी किती परिणामकारकपणे आड येतात, यावर थेट अवलंबून असते. त्यासाठी मक्कॉ बेच्या जोडीला त्यांनी कॅलिफोर्नियाच्या आखाताचा उत्तर भाग आणि कोस्टारिकाचा किनारा अशी तुलनाही मांडली आहे. इथे मी मुलांना एक खवचट प्रश्न विचारते: प्रयोगाचे पट्टे किती होते? एक. आणि शेजारी तुलनेला एक. आज एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने असा आराखडा आणला तर समिती त्याला दारातूनच परत धाडेल. हे ज्याच्या लक्षात आलं त्याने लेख वाचला. बाकीच्यांनी चाळला.

अजून एक चाचणी आहे. 'कीस्टोन' हा शब्द या लेखात शोधा. सापडणार नाही. जिच्यावर सगळी व्यवस्था तोललेली असते अशा प्रजातीसाठी, कमानीच्या माथ्यावरच्या दगडाचं ते नाव पेन यांनी १९६९ साली, त्याच नियतकालिकातल्या तीन पानी टिपणात वापरलं. '१९६६ साली पेन यांनी कीस्टोन संकल्पना मांडली' अशी स्लाइड कुणी लावली की मला लगेच कळतं, यांनी दोन्ही लेख उघडलेले नाहीत.

मग मागे चला

कुठलाही प्रश्न एकट्याच्या डोक्यात उगवत नाही. १९६६ च्या लेखापासून मागे जाताना दोन नावं लागतात.

पहिलं फ्रेडरिक स्मिथ. मिशिगन विद्यापीठात पेन जीवाश्मांचा अभ्यास करावा अशा विचाराने गेले होते आणि स्मिथ यांच्यामुळे जिवंत प्राण्यांकडे वळले. पीएच.डी. केली ती फ्लोरिडातल्या ग्लॉटिडिया या ब्रॅकिओपॉडवर, म्हणजे जीवाश्मांमध्ये ज्यांचा भरणा असतो अशा गटातल्या आज जिवंत असलेल्या प्राण्यावर. दोन्ही दरडींवर पाय ठेवल्यासारखंच. याच स्मिथ यांनी नेल्सन हेअरस्टन आणि लॉरेन्स स्लोबोडकिन यांच्यासह १९६० साली एक छोटा, वादग्रस्त लेख लिहिला होता. जग हिरवं का आहे? पाला खाणारे एवढे असताना झाडं उरतात कशी? त्यांचं उत्तर: पाला खाणाऱ्यांना शिकारी आवरतात म्हणून. हा तर्क होता, पुरावा नव्हता. पेन यांचा पट्टा त्या तर्काला प्रत्यक्ष लावलेला हात आहे.

दुसरं जोसेफ कॉनेल. त्यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दोन जातींच्या बार्नकलना एकमेकांपासून वेगळं करून बघितलं आणि १९६१ साली दाखवलं की खडकावरचे पट्टे नुसत्या भरती-ओहोटीने ठरत नाहीत, शेजाऱ्याच्या धक्काबुक्कीनेही ठरतात. किनाऱ्यावर प्रयोग करता येतो, नुसती यादी करायची नसते, हे कॉनेल यांच्यानंतर सगळ्यांना पटू लागलं होतं. हे माहीत नसेल तर पेन आकाशातून पडल्यासारखे वाटतात.

नकाशा काढा

माझा हा हट्टच आहे: सेमिनारची पहिली स्लाइड नकाशा. माणसाचा फोटो नंतर.

मक्कॉ बे ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या टोकाला आहे. तिथून थोडं वर केप फ्लॅटरी, आणि त्याच्या पुढ्यात पॅसिफिकमध्ये टाटूश नावाचं छोटं बेट, त्यावर जुना दीपस्तंभ. १९६० च्या दशकाच्या शेवटी पेन या बेटावर काम करू लागले आणि पुढची कारकीर्द बव्हंशी तिथेच गेली. ही सगळी भूमी मकाह या तिथल्या मूळ रहिवाशांची आहे. अमेरिकन सरकारशी झालेला नीआ बेचा करार १८५५ चा, त्यात त्यांनी आपले मासेमारीचे हक्क राखून ठेवले होते. पेन यांनी बेटावर काम केलं ते मकाह जमातीच्या परवानगीने. संशोधकाची कारकीर्द वाचताना जागा कुणाची, दार कुणी उघडलं, हे विचारायला शिका. परवानगी नसती तर पुढची दशकंच नसती.

नकाशावर वेळही मांडा. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या खोल ओहोट्या दिवसा येतात आणि हिवाळ्यातल्या रात्री. म्हणजे हिवाळ्यात काम करायचं तर अंधारात, डोक्याला दिवा लावून, लाटांकडे एक डोळा ठेवून. आपल्याकडे गणित निराळं. जून ते सप्टेंबर खडपांवर पाऊल टाकायची सोय नसते, आणि बाकीचे महिने उधाणाच्या दिवसांकडे डोळे लावून बसायचं. एखाद्या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी मोजमाप केलं असं वाचलं की त्या ठिकाणचं ओहोटीचं कोष्टक शोधून बघा. अंगावर येतं.

एकाच जागी राहून मिळतं काय, याचं एक उदाहरण देते. पेन यांनी तारामासे काढायचं थांबवलं, तारामासे परत आले, तरी काही पट्टे पूर्ववत झाले नाहीत. मधल्या काळात शिनाणे इतके मोठे झाले होते की तारामाशाला ते उघडताच येईनात. वय वाढवून ते शिकाऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले. एका मोसमात काम उरकून निघून जाणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. १९७६ च्या लेखात त्यांनी हे मांडलं आहे. १९६६ च्या लेखानंतर लगेच हा वाचा, दोन्हींमधला फरक म्हणजे जागा सोडून न जाण्याचा फायदा.

आणि एका जागी राहणं म्हणजे तिथेच बसणं नव्हे. त्यांनी न्यूझीलंडमध्ये तोच प्रयोग वेगळ्या तारामाशावर करून बघितला. तिथलं भक्ष्य पर्ना कॅनालिक्युलस, म्हणजे आपल्या हिरव्या शिनाण्यांचं, पर्ना व्हिरिडिसचं, सख्खं भावंड. पुढे हुआन कार्लोस कास्तिया यांच्याबरोबर चिलीचा किनाराही त्या तुलनेत आला. सेमिनारात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही वर बघतात. शिनाणे घरी शिजलेले असतात ना.

शिष्यांचं झाड, आणि झाडाबाहेरची माणसं

प्रभाव मोजायचा तर सगळे आधी उद्धरणांचा, म्हणजे इतरांनी लेखाचा दाखला किती वेळा दिला त्याचा, आकडा बघतात. मी म्हणते, आधी शिष्य बघा. कागदावर झाड काढा, पण तीन वेगवेगळ्या रेघा वापरा: जाड रेघ पीएच.डी.साठी, बारीक रेघ एम.एस. किंवा पोस्टडॉकसाठी आणि तुटक रेघ नुसत्या भेटीगाठींसाठी. माहिती मिळते ती प्रबंधांच्या पहिल्या पानांवर आणि लेखांच्या शेवटच्या 'आभार' परिच्छेदात. आभार परिच्छेद कुणी वाचत नाही. सगळी खरी माहिती तिथे असते. कोणाच्या गाडीतून गेलो, कोणी बेटावर पोचवलं, कोणाशी वाद झाला.

पॉल डेटन: जाड रेघ. त्यांचा १९७१ चा खडकाळ किनाऱ्यावरचा मोठा लेख उघडा. वाहून येणारे ओंडके खडकावर आदळून जागा कशी मोकळी करतात इथपर्यंत त्यांनी मोजलं आहे. आता लेखकांच्या जागी किती नावं आहेत ते बघा. एकच, डेटन. मार्गदर्शकाचं नाव नाही. विद्यार्थ्याने स्वतःचा प्रश्न स्वतः शोधावा आणि काम स्वतःच्या नावावर छापावं, अशी पेन यांच्याकडची रीत होती. आपल्याकडे मार्गदर्शकाचं नाव, सहमार्गदर्शकाचं नाव आणि कधीकधी विभागप्रमुखांचंही नाव येतं, त्यामुळे मुलांना हे खरंच वाटत नाही. यातून एक व्यावहारिक धडा निघतो: पेन यांच्या उद्धरणांच्या आकड्यात डेटन यांचा हा लेख धरलेलाच नाही. आकडा बघून प्रभाव ठरवणारा इथेच फसतो.

ब्रूस मेंगे: जाड रेघ. ते पुढे ऑरेगनमध्ये गेले आणि त्यांनी गुरूचाच सिद्धान्त तपासायला घेतला, त्याबद्दल खाली येतंच.

जेन लुबचेंको: इथे बहुतेकांची रेघ चुकते. त्या वॉशिंग्टनमध्ये एम.एस.ला होत्या, पीएच.डी. हार्वर्डची. म्हणजे बारीक रेघ. पण १९७८ चा त्यांचा लेख वाचला तर बारीक रेघ किती लांब जाते ते दिसतं. न्यू इंग्लंडच्या खडकांमधल्या डबक्यांत त्यांनी लिटोरिना या शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी काढल्या, घातल्या, कमीजास्त केल्या, आणि दाखवलं की परिणाम उलटसुलट होऊ शकतो; गोगलगाईला जी वनस्पती आवडते तीच जागा बळकावणारी आहे की नाही, यावर ते ठरतं. २००९ ते २०१३ या काळात त्या अमेरिकेच्या नोआ या समुद्र व हवामान संस्थेच्या प्रमुख होत्या. खडकावरच्या डबक्यातून देशाच्या सागरी धोरणापर्यंत.

आता तुटक रेघ, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. जिम एस्टीस हे पेन यांचे विद्यार्थी नव्हते. १९७१ साली अल्यूशियन बेटांपैकी अॅमचिट्का इथे दोघांची गाठ पडली. एस्टीस तिथे समुद्री ऊदमांजरांच्या मागे होते आणि विचार करत होते की केल्प या मोठ्या सागरी शेवाळाची जंगलं एवढ्या ऊदमांजरांना कशी पोसतात. पेन यांनी सुचवलं, प्रश्न फिरवून बघा: ऊदमांजरं केल्पसाठी काय करतात? मग एस्टीस यांनी जॉन पाल्मिसानो यांच्यासह ऊदमांजरं असलेली बेटं आणि नसलेली बेटं यांची तुलना केली. जिथे ऊदमांजरं, तिथे काटेरी सी-अर्चिन आटोक्यात आणि केल्प उभं. जिथे नाहीत, तिथे सी-अर्चिनच सी-अर्चिन आणि केल्प चरून साफ. हा लेख १९७४ साली 'सायन्स'मध्ये आला. एका संभाषणाची किंमत कुठल्या इंडेक्समध्ये बसते? वरून खाली उतरत जाणाऱ्या अशा परिणामांना पेन यांनी पुढे १९८० च्या एका व्याख्यानात 'ट्रॉफिक कॅस्केड' म्हटलं, आणि आज शाळेच्या पुस्तकांतही ते शब्द येतात.

चिलीचे कास्तिया यांचीही रेघ अशीच आडवी जाते. १९८२ साली लास क्रूसेस इथे किनाऱ्याचा एक तुकडा कुंपण घालून माणसांसाठी बंद करण्यात आला. तिथले लोक 'लोको' नावाची मोठी शिकारी गोगलगाय खाण्यासाठी गोळा करतात. माणूस हटल्यावर लोको वाढली, तिने शिनाण्यांच्या चादरी खाल्ल्या आणि खडकावर बार्नकलना जागा झाली. इथे पेन यांच्या तारामाशाच्या वरच्या पायरीवर माणूस उभा आहे. चिलीत १९९१ च्या मच्छीमारी कायद्याने स्थानिक मच्छीमार संघटनांना किनाऱ्याचे ठरावीक भाग सांभाळायला देण्याची सोय झाली, त्यामागे अशा कामांचा मोठा हात होता. कोकणातल्या मुलांनी हा भाग दोनदा वाचावा. आपल्या खडपांवरून कालवं, शिनाणे काढणारी माणसं आहेत आणि त्यांच्याविना आपला किनारा कसा दिसेल, हे आपल्याकडे कुणी कुंपण घालून बघितलेलं मला माहीत नाही.

भांडणं शोधा

ज्याच्याशी कुणी भांडलं नाही, त्याचा प्रभाव फार नसतो. पेन यांच्या बाबतीत १९९३ हे वर्ष पकडा. स्कॉट मिल्स, मायकल सूले आणि डॅनियल डोक यांनी 'बायोसायन्स'मध्ये लिहिलं की 'कीस्टोन' शब्द इतका सैल वापरला जातोय की त्यावर संवर्धनाचं धोरण बांधणं धोक्याचं आहे. पुढच्याच वर्षी मेंगे आणि सहकाऱ्यांनी ऑरेगनच्या किनाऱ्यावरून दाखवलं की पिसास्टर लाटांच्या माऱ्यातल्या जागी कीस्टोनसारखा वागतो, आडोशाच्या जागी तेवढा नाही. म्हणजे 'कीस्टोन' हा प्राण्याचा कायमचा गुण नव्हे, जागेनुसार बदलणारी गोष्ट.

मग १९९६ चा 'बायोसायन्स'मधला लेख उघडा, मेरी पॉवर यांचं नाव पहिलं आहे. लेखकांची यादी बघण्यासारखी आहे: पेन आहेत, मेंगे आहेत, एस्टीस, लुबचेंको, कास्तिया आहेत, आणि टीका करणारे मिल्ससुद्धा आहेत. तिथे व्याख्या घट्ट केली: परिणाम मोठा हवा आणि संख्येच्या मानाने अवाजवी मोठा हवा. या व्याख्येने शिनाणे किंवा केल्प बाद होतात, कारण त्यांचा परिणाम मोठा असला तरी ते आहेतच भरमसाट. वाद घालणाऱ्याला शेजारी बसवून व्याख्या लिहिणं, ही गोष्ट मला पुरस्कारांपेक्षा जास्त सांगते. (पुरस्कार मिळाले, २०१३ चं कॉसमॉस पारितोषिक वगैरे. झालं सांगून.)

हे वाचल्यावर आपल्या वर्तमानपत्रांतली वाक्यं खटकू लागतील. वाघ कीस्टोन, उंबर कीस्टोन, मधमाशी कीस्टोन, गिधाड कीस्टोन. त्यातली काही खरीही असतील, फळं नसलेल्या मोसमात उंबरवर्गातल्या झाडांवर किती प्राणी जगतात ते जगभर अभ्यासलं गेलं आहे. पण विचारा: काढून बघितलं का कुणी? संख्येच्या मानाने परिणाम मोजला का? पेन यांनी स्वतः १९९२ साली 'नेचर'मध्ये तीन पानांत हेच केलं, शेवाळ खाणाऱ्या प्राण्यांचा दरडोई परिणाम मोजला. बहुतेक दुवे कमकुवत निघाले, मोजकेच जोरदार.

उद्धरणं मोजू नका, चाखा

गुगल स्कॉलरवर १९६६ चा लेख शोधा, खाली 'साइटेड बाय' वर टिचकी मारा. आकडा हजारोंत दिसेल. तो लिहून घ्या आणि विसरा. मग वर्षांची चाळणी लावून प्रत्येक दशकातले थोडे लेख काढा आणि पेन यांचा उल्लेख नेमका कुठे येतो ते बघा. पद्धत घेतली असेल तर ती एका ढिगात. कल्पना तपासली असेल तर दुसऱ्या. पहिल्या परिच्छेदात चार नावांच्या कंसात नुसती आरती ओवाळली असेल तर तिसऱ्या. तिसरा ढीग सगळ्यात मोठा होतो, त्याने दचकू नका. सेमिनारात दुसऱ्या ढिगातला एक लेख सांगा, तेवढा पुरतो.

माणूस गेल्यावर काय चालू राहिलं

पेन १३ जून २०१६ रोजी गेले. टाटूशवरचं काम टिमोथी वुटन आणि कॅथरीन फिस्टर यांनी सुरू ठेवलं. दोघंही त्याच प्रयोगशाळेतून आलेले. २००० सालापासून त्यांनी बेटाभोवतीच्या पाण्याचा सामू (पीएच) नोंदवला आणि २००८ च्या लेखात दाखवलं की पाणी अपेक्षेपेक्षा झपाट्याने आम्ल होतंय. पेन तिथे गेले तेव्हा हा प्रश्नच कुणाच्या मनात नव्हता. पण जुन्या नोंदी असलेली जागा तयार होती.

दुसरी गोष्ट २०१३ पासूनची. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामाशांना गळून पडण्याचा रोग लागला आणि पिसास्टर जागोजाग मोठ्या प्रमाणावर मेले. ज्या प्रयोगासाठी पेन यांनी एका पट्ट्यात पहार चालवली, तो रोगाने शेकडो मैलांवर करून टाकला. काही ठिकाणी शिनाणे खाली सरकले, काही ठिकाणी फारसं बदललं नाही. १९९४ मध्ये मेंगे जे म्हणत होते त्याच्याशी हे ताडून बघा. तुमच्या सेमिनारचा शेवटचा तिसरा भाग यावरच रचता येईल.

खडपावर अर्धा दिवस

लेख वाचून झाले की एकदा किनाऱ्यावर जा, नाहीतर '८ मीटर बाय २ मीटर' हा आकडा आकडाच राहतो. उधाणाच्या दिवसांतली, उजेडातली ओहोटी निवडा. ओहोटी पूर्ण लागायच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की निघा, भरतीच्या पाठीमागून येणाऱ्या लाटेशी पैज नको. पायात जुने बूट, चप्पल नाही, कालवं पाय कापतात. पीव्हीसी पाइपची अर्ध्या मीटरची चौकट करून न्या. वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यात ती टाका, सरळ वरून फोटो घ्या, आणि किती भाग कशाने व्यापला आहे ते अंदाजाने टक्क्यांत लिहा. शिकारी गोगलगायी वेगळ्या मोजा. मोकळा खडक किती, हा रकाना विसरू नका. पेन यांची सगळी गोष्ट त्या रकान्यात आहे.

उचकटायचं मात्र काही नाही. पेन यांच्या काळी, त्यांच्या जागी, परवानगीने जे झालं ते आपण हौसेने करायचं नाही. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि इतरत्रही अनेक शंख आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. दगड उलटा केलात तर तसाच परत ठेवा. कालवं काढणाऱ्या कुणी काकी भेटल्या तर त्यांना विचारा की कुठली जागा वर्षानुवर्षं तशीच आहे आणि कुठली बदलली. त्यांचं नाव विचारून, त्यांना चालत असेल तर, आभाराच्या स्लाइडवर घाला.

सादरीकरणाचा क्रम मी असा ठेवायला सांगते: नकाशा, १९६६ ची आकृती, प्रयोगाची दोन वाक्यं, मागची दोन नावं, तीन रेघांचं झाड, एक भांडण, एक आजचा प्रश्न. आकृतीची छापील प्रत वर्गात वाटा, आमचा प्रोजेक्टर पिवळं आणि पांढरं एकच दाखवतो. प्रश्नोत्तरांत मी हमखास विचारते की तारामाशाऐवजी शिनाणेच काढले असते तर काय दिसलं असतं. त्याची तयारी करून या. आणि गुलाबाचं फूल नको.